कॉम्प्युटरचा सोमवार

१

मार्चमधल्या त्या सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला छावणीच्या ऑफिसात ऑपरेटर शिवकांतानं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर पुन्हा मेला.

एकदम मेला असता तर बरं. आधी हिरवा दिवा लागला, डब्यातला पंखा घुर्रर करून फिरला, पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागली, आणि अर्ध्या ओळीवर सगळं विझलं. तिनं परत दाबलं. परत दिवा, परत घुर्रर, परत अंधार. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तेच.

बाहेर चारशे तेरा जनावरं हंबरत होती.

दोन पावसाळे कोरडे गेले, म्हणून चौसाळ्याच्या पलीकडच्या माळावर दूध संस्थेनं दोन महिन्यांपूर्वी चारा छावणी उघडली होती. नियम सरळ होता. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर रोज बारा वाजायच्या आत कॉम्प्युटरवरून तहसीलला जायचा. यादी गेली तर दुसऱ्या दिवशी चाऱ्याची गाडी. नाही गेली तर त्या दिवशी जनावरांनी निम्म्या पेंढीवर भागवायचं.

"मॅडम सोमवार धरतात," धर्मराज दाराला टेकून म्हणाला. "त्यांच्यासंगं मशीननं बी उपास धरला!"

धर्मराज संस्थेचा सचिव. ऑफिसची किल्ली त्याच्या कमरेला असायची. समोरचा हॉटेलवाला मन्मथप्पा कपबशा उचलायला आला होता, तोही हसला. पण चेअरमन विठ्ठलराव आत आले तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नाही.

"बीडच्या मिस्त्रीनं काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"दुकानात नेऊन वीस बार चालू केलं म्हणे. वीसच्या वीस बार चाललं," धर्मराज म्हणाला. "मशीनमदी खोट न्हाई."

"मग खोट कशात हाय?"

मन्मथप्पानं घसा खाकरला. "साहेब, बोलू नये, पर हिचा दीर मांजरसुंब्याच्या छावणीत कामाला हाय. आपली छावणी मोडली तर जनावरं कुनाकडं जातील?"

शिवकांताच्या कानात एकदम शिट्टी वाजल्यासारखं झालं. सासऱ्यांनी, रुद्रप्पांनी, किती दिवस ना-ना करून तिला या खुर्चीवर बसू दिलं होतं. लिंगायत गल्लीतली नोकरीला बाहेर पडलेली ती पहिली सून. पगाराचं जाऊ द्या. मुक्या जनावरांच्या तोंडचा घास काढणारी म्हणून गावात नाव झालं तर ते कुठल्या पाण्यानं धुवायचं?

विठ्ठलराव तिच्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, पुढचा सोमवार तुजा. मशीन चाललं तर चाललं. न्हाई तर तू घरी, आन पोलिसात अर्ज."

२

बुधवारी दिवेलागणीला छावणीत कीर्तन होतं. पत्र्याच्या शेडखाली माणसं एका अंगाला, जनावरं एका अंगाला, आणि मधे टाळकरी. टाळांचा गजर सुरू झाला की बैलसुद्धा रवंथ थांबवून कान टवकारायचे. उपाशीपोटी नाम घेणाऱ्या त्या माणसांकडं बघून कीर्तनकार मृदंगाला खूण करायचे. अशा वेळी शब्द कुठं पुरतात? मग मृदंगच बोलायचा.

मृदंगावर धोंडीरामबुवा होते. साठी उलटलेला माणूस, कपाळाला बुक्का, कानात अत्तराचा बोळा. चौसाळ्याच्या स्टँडवर तीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, आणि तीस वर्षं सप्त्यांमधून मृदंग वाजवला. कीर्तनाआधी वाटीभर पाण्यासाठी ते ऑफिसात आले, तेव्हा शिवकांता पडद्यासमोर डोकं धरून बसली होती.

"माय, रडतीस कावून?"

तिनं सगळं सांगितलं. बुवा ऐकत होते आणि ऐकता ऐकता परातीत कणीक भिजवत होते. मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, तेव्हा त्याला तो भरदार घुमारा येतो.

"किती बार बंद पडलं? लिहून ठिवलंय का?"

शिवकांतानं वही पुढं केली. दोन महिन्यांतला प्रत्येक दिवस तिनं टिपला होता. बुवांनी चष्मा नाकावर चढवला. सगळे सोमवार बंद. मंगळवार ते रविवार चालू. पण दोन ठिकाणी बोट थांबलं. शिवरात्रीच्या आधीचा एक सोमवार होता, त्या दिवशी मशीन चाललं होतं. आणि एक गुरुवार होता, त्या दिवशी चाललं नव्हतं.

"नेमाचं पाप करणारा माणूस असा सोमवार चुकवत न्हाई, आन उगंच गुरुवारी बी येत न्हाई," बुवा पुटपुटले. "हे माणसाचं काम वाटत न्हाई मला."

"मग कुनाचं?"

बुवांनी बाह्या सारल्या. कणकेचा गोळा मृदंगावर थापला आणि हातानं एक थाप दिली. ऑफिसच्या चारी भिंती घुमल्या.

३

गुरुवारी सकाळी बुवा पुन्हा आले. घरी जायचं सोडून आले म्हणून धर्मराजनं टोमणा मारला, "बुवा, आता कॉम्प्युटरम्होरं बी भजन लावणार का?"

"लावीन की. टाळ तू धर." बुवा स्टुलावर बसले. "सचिवसाहेब, सोमवारी ऑफिस कोण उघडतं?"

"मीच. आठ वाजता."

"म्हंजी दोन तास मशीनजवळ तू एकटाच."

धर्मराजचा चेहरा उतरला. "म्हंजी काय म्हणायचंय तुमाला?"

"तुजी बायको बी कॉम्प्युटरचा कोर्स शिकलीय म्हणं."

"शिकलीय तर! पर म्हणून मी चारशे जनावरं उपाशी मारीन व्हय? माज्या दोन म्हशी हायत त्यात!" तो इतका चिडला की त्याला धाप लागली. बुवांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते विषयच सोडून बाहेर गेले.

मन्मथप्पाच्या हॉटेलात त्यांनी चहा सांगितला. मन्मथप्पा छावणीला चाराही पुरवायचा, आणि यादी गेली नाही की त्याची गाडी दुसरीकडं जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सोमवारी तुजी गाडी कुटं जाती रे आप्पा?"

"मंगळवारी जाती, बुवा. दिंद्रुडला. भाडं माज्याच बोकांडी बसतंय." मन्मथप्पानं कपाळाला हात लावला. "नफा व्हतोय असं वाटतंय काय तुमाला? डिझेलच गिळतंय सगळं."

बुवांनी मान वर केली. डोक्यावरचा पंखा भर्रर फिरत होता.

"हा पंखा सोमवारी बी असाच फिरतो?"

"रोज असाच. कावून?"

बुवांनी चहा अर्धा टाकला. अंगणात उभं राहून त्यांनी विजेच्या खांबाकडं कितीतरी वेळ बघितलं, मग शिवकांताला हाक मारली. "माय, माजे डोळे म्हातारे झाले. जरा तारा मोज. खांबावरून हॉटेलात किती जात्यात?"

"दोन."

"आन ऑफिसात?"

शिवकांतानं उन्हाला हाताचा आडोसा केला. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

"एकच, बुवा."

४

"आता एक कर," बुवा आत येऊन म्हणाले. "मी डोळे मिटतो. तू बटण दाब."

गुरुवार होता, मशीन चालणारच होतं. शिवकांतानं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, पुढं सरकली, निळी खिडकी उघडली. पण बुवांचा चेहरा बदलला होता. ते कॉम्प्युटरकडं वळलेच नव्हते. कान छताकडं लागले होते.

"परत दाब. बंद कर, परत चालू कर."

तिसऱ्या वेळी तिलाही ऐकू आलं. बटण दाबताच डोक्यावरच्या पंख्याचा घुमारा खाली बसत होता, क्षणभर, आणि मग पुन्हा चढत होता. दोन महिने ती त्या पंख्याखाली बसली होती आणि तिनं हे कधीच ऐकलं नव्हतं!

"दोघं एकाच घोटावर जगत्यात," बुवा हळूच म्हणाले. "ह्याला द्यावं तर त्याला कमी पडतंय. मृदंगाची कणीक वाळायला लागली की आवाज असाच बसतो, माय. मी जलमभर ऐकलाय. हितं कायतरी वाळतंय. सोमवारी पुरतं वाळतंय."

"बुवा, अख्खा जिल्हा वाळलाय."

"त्येच तर. मग बाकीचे सहा दिवस ओलं कोण करतंय?"

बुवांनी वही परत उघडली.

"त्या गुरुवारी काय झालं व्हतं?"

तिनं आठवलं. "टँकर! टँकर दोन दिवस आलाच नव्हता. प्यायला बी पाणी नव्हतं छावणीत."

"आन ज्या सोमवारी मशीन चाललं?"

हे आठवायला वेळ लागला. तिनं कॉम्प्युटरमधली त्या दिवसाची यादी काढली आणि शेवटची ओळ वाचून थांबली. "त्या दिवशी एक वासरू वाढलं व्हतं. नवा बिल्ला. छबुबाईची गाय पहाटे व्याली."

"छबुबाई कोण?"

"शेवटच्या दावणीची म्हातारी. एकच गाय हाय. बाकी कुणी न्हाई तिला."

"सोमवारी ती कुटं असती?"

"कपिलधारला जाती, महादेवाला. दर सोमवारी, पहिल्या जीपनं. त्या दिवशी गाय अडली म्हणून राहिली असंल."

बुवा उठले. "चल. ऑफिसच्या मागं काय हाय ते बघू."

मागं काहीच नव्हतं, असंच सगळे सांगत. भिंत, काटेरी झुडपं आणि तापलेला माळ. जमिनीला हातभर भेगा पडलेल्या. पण भिंतीच्या पायथ्याशी एक गोल सिमेंटचं कडं होतं. कड्याच्या मधोमध वीतभर लोखंडी नळी उभी. नळीला हळदीचं बोट, वर एक सुकलेलं बेलपान. आणि ज्या माळावर चिमणीला चोच बुडवायला थेंब नव्हता, तिथं त्या कड्यातली माती काळीशार ओली होती.

शिवकांताचे हात आपोआप जोडले गेले. ती वाकून नळीला हात लावणार तोच बुवांनी तिचं मनगट धरून मागं खेचलं.

"शिवू नको! मरशील!"

५

बुवांनी आधी ऑफिसचा मेन स्विच पाडला. मगच छबुबाईच्या दावणीशी गेले.

म्हातारी गाईच्या गळ्याखाली खाजवत बसली होती. वासरू तिच्या पदराचं टोक चघळत होतं. "बसा बुवा. कालचा मृदंग लई गोड झाला. माजी गाय बी डोलत व्हती."

"छबुबाई, मागच्या पिंडीला पाणी तू घालतीस?"

ती ओशाळली. चोरी पकडली गेल्यासारखा पदर तोंडाशी धरला. "कुणाचं घेत न्हाई, बुवा. माज्या वाट्याची घागर असती, त्यातलाच एक तांब्या. मी कमी पिते."

"तुला कुणी सांगितलं ती पिंड हाय म्हणून?"

"सांगायचं काय? दिसतंय की." तिचा आवाज एकदम खाली आला, देवाच्या गाभाऱ्यात येतो तसा. "आन जागृत हाय, बुवा. तांब्याची धार लावली की कवा कवा हातात मुंग्या येत्यात. पार कोपरापतोर. पहिल्या दिवशी मी भ्याले. मग कळलं, त्यो घेतोय. माजं पाणी त्यो घेतोय."

बुवांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. शिवकांताला वाटलं ते भक्तीनं भारावले. परत येताना ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "दोन महिने. वल्या हातानं, अनवाणी पायानं. आन म्हातारी जिती हाय. कुणी राखली असंल तिला?"

"बुवा, ते हाय तरी काय?"

"सोमवारी सांगतो. एकदाच, सगळ्यांम्होरं. तवर तिथं कुणी फिरकायचं न्हाई. पाणी मी घालतो, मेन स्विच पाडून. यादी जायला पायजे. छबुबाईला मी सांगितलंय, चार दिवस धार माज्या हातची. सोमवारी मात्र तिनं नेमानं कपिलधारला जायचं, आन मी बी हात लावायचा न्हाई."

६

सोमवारी दहा वाजता ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. विठ्ठलराव खुर्चीवर, धर्मराज दाराशी, मन्मथप्पा खिडकीत. बाहेर गुराखी आणि बाया. शिवकांताचे सासरे रुद्रप्पा फेटा बांधून कोपऱ्यात उभे होते. त्यांना कुणी बोलावलं हे तिला कळलं नाही, पण ते आले होते, आणि त्यांच्यापुढं आज काय ते ठरणार होतं.

"दाब, माय," बुवा म्हणाले.

तिनं दाबलं. हिरवा दिवा. घुर्रर. अर्धी ओळ. अंधार.

"बघा!" मन्मथप्पा म्हणाला. विठ्ठलरावांनी हात टेकून उठायला सुरुवात केली.

"बसा, चेअरमनसाहेब. बारा वाजायला दोन तास हायत." बुवांनी मेन स्विच पाडला, पायातल्या रबरी चपला तपासल्या, आणि एक बादली उचलून मागं गेले. खिडकीतून सगळ्यांना दिसत होतं. लांब प्लास्टिकच्या पाइपानं, पुरुषभर दूर उभं राहून, त्यांनी ते कडं काठोकाठ भरलं. भेगाळलेल्या मातीनं पाणी असं ओढलं की चुर्रर आवाज आला. दुसरी बादली. मग ते आत आले आणि स्विच वर केला.

पंखा फिरला. आणि सगळ्यांनी ऐकलं. मघाशी रडका, बसलेला पंखा आता भरल्या गळ्यानं घुमत होता.

"आता दाब."

दिवा. घुर्रर. एक ओळ, दुसरी, तिसरी. निळी खिडकी उघडली तेव्हा रुद्रप्पांच्या तोंडून "शिव शिव" निघून गेलं, आणि बाहेरच्या बायांनी न कळता हात जोडले. शिवकांता खुर्चीत बसून होती. तिनं वही मिटून बाजूला ठेवली.

"जादू न्हाई," बुवा म्हणाले. "वीज एका तारेनं येती आन दुसऱ्या तारेनं परत जाती. जायला वाट न्हाई तर यायला बी न्हाई. हॉटेलात दोन तारा हायत. ऑफिसात एकच. परतीची तार न्हाईच! मग वीज परत जात व्हती कुटून? त्या नळीतून, जमिनीत. ती पिंड न्हवं, अर्थिंगचा खड्डा हाय. माती वली असली तर वीज वाहून जाती. वाळली की वाट बंद. पंखा कसाबसा फिरतो, पर कॉम्प्युटरला भूक जास्त, त्यो अर्ध्यात दम टाकतो. बीडच्या दुकानात दोन तारा हायत, म्हणून तिथं वीसच्या वीस बार चालला."

"पर परतीची तार कुणी काढली?" विठ्ठलरावांचा आवाज चढला.

दाराशी उभ्या धर्मराजच्या कपाळावर घाम फुटला होता.

"साहेब... तीन वर्षांमागं वावटळीत तुटली व्हती. लाइनमन चार दिस आला न्हाई. गावातला वायरमन म्हणला, तात्पुरतं अर्थिंगला जोडतो. मी म्हणलं जोड." तो खाली बघत होता. "तवा पाऊस व्हता. जमीन वली व्हती. चाललं की सगळं! मी इसरूनच गेलतो, साहेब. आयशप्पत इसरलो."

"आन आठ दिस ह्या लेकराला तुमी सगळी चोर म्हणत व्हता," बुवा म्हणाले. रागावून नाही. ज्या सुरात ते बोलले तो रागापेक्षा जड होता.

"मग सोमवारी काय होतं?" मन्मथप्पानं विचारलं. "बाकी दिस खड्डा वला कोण करतं?"

"छबुबाई," शिवकांता म्हणाली. "प्यायच्या पाण्यातला तांब्या. रोज. फक्त सोमवारी न्हाई, कारण सोमवारी ती कपिलधारला महादेवाकडं जाती."

खिडकीबाहेर चारशे तेरा जनावरं होती आणि एका तहानलेल्या म्हातारीच्या एका तांब्यावर त्यांचा रोजचा घास टांगलेला होता. हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या नळीतून दोन महिने काय काय वाहत होतं, वीज किती आणि भक्ती किती, हे कोण मोजणार?

विठ्ठलराव उठले. छावणीत चाऱ्याची हाळी द्यायला भोंगा असायचा, त्याचा माइक त्यांनी हातात घेतला. घसा दोनदा साफ केला. "छावणीतल्या सगळ्या मंडळीला कळवतो. यादी न गेल्याचा दोष ऑपरेटर शिवकांताबाईंचा न्हाई. दोष संस्थेचा हाय. मी विठ्ठलराव, चेअरमन, बाईंची माफी मागतो." मग माइक बंद करायचं विसरून ते म्हणाले, "अन धर्मराज, तू आत्ताच्या आत्ता लाइनमनला घेऊन ये, न्हाई तर तुजीच तार ओढतो." सगळा माळ हसला. रुद्रप्पा हसले नाहीत. ते सुनेजवळ आले, खुर्चीची पाठ हातानं पुसली, आणि म्हणाले, "यादी धाड बाई. साडेदहा वाजलेत."

७

दुपारी खांबावरून दुसरी तार आली. खड्ड्यावर फरशी बसली. पण छबुबाईला सांगायला कुणी तयार होईना. विठ्ठलरावही नाही, बुवाही नाही. शिवकांता गेली.

म्हातारी नुकती जीपमधून उतरली होती. हातात कपिलधारच्या पाण्याचा तांब्या, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. शिवकांतानं तिला दावणीशी बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. नळी, तार, वीज, मुंग्या. छबुबाई मान हलवत ऐकत होती. किती कळलं कोण जाणे. मग एकदम तिचा चेहरा काळवंडला.

"म्हंजी मी सोमवारी जात व्हते म्हणून मंगळवारी जनावरं उपाशी राहत व्हती? मी ठिवलं उपाशी? ह्या मुक्या जिवांला?"

आठ दिवस हाच आरोप शिवकांतानं उशाशी घेऊन काढला होता. त्याची धग तिला ठाऊक होती. तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. तळवे खरबरीत होते.

"न्हाई, आजी. तार तुटली व्हती, ती आमची. तुमी तर दोन महिने तिचं काम केलं. तुमी पाणी घातलं म्हणून सहा दिस चारा आला. सहा दिस सगळी जेवली."

छबुबाई तिच्याकडं बघत राहिली. मग रांगेनं उभ्या जनावरांकडं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"सगळी?"

"सगळी. तुमचं वासरू धरून चारशे तेरा."

"तरीच," म्हातारी हलकेच म्हणाली. "एवढं पाणी पिऊन बी त्याची तहान भागत न्हवती."

तिनं तांब्यावरचं फडकं काढलं, शिवकांताला ओंजळ धरायला लावली आणि धार सोडली.